बाग मंजूर होते तेव्हा

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय शिकवतो. विषय तसा कोरडाच. घटनेची कलमे, समित्यांची नावे, महापौरांचे अधिकार, आयुक्तांचे अधिकार. मुले ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि पेपर देऊन बाहेर पडताना दारातच टाकून जातात. त्यात त्यांचा दोष नाही. शिकवताना कित्येकदा मलाही जांभई आवरावी लागते.

गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने मला चांगलेच अडवले. तो म्हणाला, "सर, आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा आहे. तिथं बाग व्हावी असं सगळ्यांना वाटतं. पण बाग करायची की नाही, हे ठरवतं कोण?"

मी पुस्तकी उत्तर दिले. "महानगरपालिका."

"म्हणजे कोण, सर?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी जाताना प्रश्न डोक्यातून जाईना. महानगरपालिका म्हणजे नक्की कोण? नगरसेवक, महापौर, आयुक्त, इंजिनिअर, बेंगळूरचे मंत्रालय की दिल्लीचे? त्या एका प्रश्नामागे आम्ही पुढचे चार तास घालवले. त्यातून हाती लागले ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि माझ्या सहकाऱ्यांपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

घटनेने दिले काय?

१९९२ साली संसदेने ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तोपर्यंत नगरपालिका म्हणजे राज्य सरकारच्या मर्जीचा मामला होता. सभागृह बरखास्त करून वर्षानुवर्षे प्रशासक नेमण्याचे प्रकार सर्रास चालत. या दुरुस्तीने शहरांच्या सभागृहांना पाच वर्षांची मुदत दिली, मध्येच बरखास्त झाल्यास सहा महिन्यांच्या आत निवडणूक घेण्याचे बंधन घातले आणि घटनेला बारावे परिशिष्ट जोडले. त्या परिशिष्टात अठरा विषय आहेत. पहिलाच विषय नगररचनेचा. दहावा गलिच्छ वस्त्यांच्या सुधारणेचा. बारावा उद्याने, बागा आणि क्रीडांगणांचा.

म्हणजे बाग हा शहराच्या सभागृहाचा विषय आहे, असे थेट घटनेच्या आधाराने म्हणता येते. पण इथे एक मेख आहे. हे विषय राज्य विधिमंडळ नगरपालिकांकडे 'सोपवू शकेल', अशी घटनेची भाषा आहे. 'सोपवलेच पाहिजेत' अशी नाही. त्यामुळे कुठला विषय किती सोपवायचा, त्याबरोबर पैसा आणि माणसे किती द्यायची, हे राज्यावर राहिले. लग्नात आहेराची यादी मोठ्याने वाचावी आणि वस्तू मात्र सवडीने पाठवाव्यात, तसा हा प्रकार.

निवडणुकांचेही तसेच. आपल्या बेळगावातील ५८ प्रभागांची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, पण महापौर निवडला गेला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. निवडून आलेले नगरसेवक आहेत आणि सभागृह मात्र बसलेले नाही, अशा काळात कुठल्या बागेवर किती खर्च करायचा याची चर्चा नगरसेवकांनी करायची तरी कुठे?

एका ठरावाचा प्रवास

कर्नाटकात लहान शहरांच्या नगरपालिकांना १९६४ चा कायदा लागू आहे आणि बेळगावसारख्या महानगरपालिकांना १९७६ चा. या दुसऱ्या कायद्याने चार स्थायी समित्या ठरवून दिल्या: कर, अर्थ आणि अपील यांची एक, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक न्याय यांची दुसरी, नगररचना आणि सुधारणा यांची तिसरी, आणि हिशेबाची चौथी. महापौराची मुदत मूळ कायद्यात एकच वर्षाची ठेवली. आयुक्त हे राज्य सरकारने नेमलेले अधिकारी. कामाची किल्ली त्यांच्या हाती असते.

समजा, एखाद्या प्रभागात बाग करायची आहे. नगरसेवक मागणी करतात. इंजिनिअर जागा पाहून खर्चाचे एस्टिमेट तयार करतात. प्रस्ताव समितीपुढे येतो, तिथून सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर जातो. सभेत ठराव होतो. मग १९९९ च्या पारदर्शक खरेदी कायद्याप्रमाणे टेंडर निघते, ठेकेदार ठरतो आणि वर्क ऑर्डर दिली जाते. सभेचा ठराव बेकायदेशीर वाटला तर तो स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार राज्य सरकारने स्वतःकडे ठेवलेला आहे.

या प्रवासात सगळ्यांत गाजतो तो सभेचा दिवस. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात खडाजंगीची बातमी येते. परंतु बागेचे भवितव्य बहुधा त्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. वार्षिक अंदाजपत्रकात त्या कामाला लेखाशीर्ष आहे का, आणि असल्यास त्यापुढे आकडा कोणता, यावर सगळे अवलंबून. आकडा नसेल तर ठराव म्हणजे शुभेच्छापत्र. हे अंदाजपत्रक आयुक्तांच्या कार्यालयात तयार होते, अर्थ समितीतून जाते आणि मग सभेपुढे मांडले जाते. ते वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

पैशाच्या तीन पिशव्या

मुलांना समजावे म्हणून मी फळ्यावर तीन पिशव्या काढल्या.

पहिली पिशवी स्वतःच्या कमाईची. घरफाळा, पाणीपट्टी, दुकानगाळ्यांची भाडी, निरनिराळे परवाने. ही पिशवी लहान, पण तिच्यातला पैसा कशावर खर्च करायचा याचे स्वातंत्र्य सभागृहाला जास्तीत जास्त असते.

दुसरी पिशवी वित्त आयोगांची. राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्याकडून आणि केंद्रीय वित्त आयोगाच्या शिफारशीने दिल्लीकडून शहरांना अनुदान येते. त्याला अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांना जे अनुदान सुचवले, त्यातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि कचरा यांसाठी बांधून टाकलेला होता. उरलेले ४० टक्के मोकळे. पण त्या मोकळ्या पैशावरही रस्ता, दिवे, गटारे असे अनेकांचे डोळे असतात. बाग त्या रांगेत शेवटी उभी.

तिसरी पिशवी योजनांची. ही सगळ्यांत फुगीर. २५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने स्मार्ट सिटी आणि अमृत या दोन योजना एकाच दिवशी सुरू केल्या. स्मार्ट सिटीत पुढे शंभर शहरे आली. जानेवारी २०१६ मधल्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत कर्नाटकातील दोन नावे होती, दावणगेरे आणि बेळगाव. प्रत्येक शहराला केंद्राकडून ५०० कोटींपर्यंत मदत आणि तेवढीच भर राज्य व स्थानिक संस्थेने घालायची, अशी रचना होती. ३१ मार्च २०२५ रोजी ही योजना संपली. तिचा एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पैसा थेट महानगरपालिकेच्या सभागृहाकडे न देता त्यासाठी शहरागणिक स्वतंत्र कंपनी काढण्यात आली. तिचे भाग राज्य आणि महानगरपालिका यांनी निम्मे निम्मे घ्यायचे आणि कामे कंपनीच्या संचालक मंडळाने मंजूर करायची. कामाला वेग यावा हा हेतू असेल. परिणाम असा, की ज्या सभागृहाला लोक मत देतात ते एका बाजूला राहिले आणि मोठा खर्च दुसऱ्या टेबलावर ठरला.

अमृत योजना पाचशे शहरांसाठी, एकूण ५० हजार कोटींची. मुख्य भर पाणी आणि सांडपाण्यावर. त्यात उद्याने व हिरव्या जागांसाठी जास्तीत जास्त अडीच टक्के ठेवले होते. वर्षाला मुलांसाठी निदान एक बाग करावी आणि बागांच्या देखभालीची व्यवस्था लोकसहभागातून लावावी, असेही त्या योजनेत सुचवले होते.

'देखभाल' हा शब्द तेव्हा फळ्याच्या एका कोपऱ्यात राहिला. त्याचे महत्त्व आम्हाला पुढच्या तासाला कळले.

वर्गातली सर्वसाधारण सभा

पुढच्या तासाला मी वर्गाचेच सभागृह केले. अडतीस नगरसेवक, एक महापौर, आणि आयुक्त म्हणून मी. एक कोटी रुपयांचे अनुदान आले आहे, असे धरले. समोर तीन प्रस्ताव ठेवले. पहिला, शहराच्या मध्यभागातील मोठ्या बागेत संगीत कारंजे, रंगीत दिवे आणि नवे प्रवेशद्वार. खर्च साठ लाख. दुसरा, एका जुन्या दाट वस्तीच्या पुनर्विकासासाठी गटारे आणि फरसबंदी. खर्च सत्तर लाख. तिसरा, पाच प्रभागांतील मोकळ्या जागांना कुंपण घालून झाडे लावणे आणि बाके बसवणे; प्रत्येकी आठप्रमाणे चाळीस लाख. आकडे सगळे माझे, वर्गापुरते.

सभा चांगलीच रंगली. "कारंज्यामुळे गावाचं नाव होईल," असे एक जण म्हणाला. "ज्यांच्या दारात पावसाळ्यात पाणी शिरतं त्यांना कारंजं कशाला दाखवता?" असे दुसऱ्याने सुनावले. महापौरांनी तीनदा डस्टर आपटले. शेवटी साठ अधिक चाळीस बरोबर शंभर, हिशेब कसा गोळीबंद बसतो, या एका कारणावर कारंजे आणि पाच छोट्या बागा यांच्या बाजूने बहुमत झाले. जुनी वस्ती राहिली पुढच्या वर्षावर. खऱ्या सभागृहातही वस्त्या अशाच पुढच्या वर्षावर जात असतील, असे मला वाटून गेले.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही. तिने विचारले, "सर, माळ्याचा पगार कोण देणार?"

तिचे वडील माळीकाम करतात. ती सांगू लागली, की मृगात लावलेले रोप पावसाळाभर छान दिसते. खरी परीक्षा फाल्गुनापासून पुढे. सलग दोन उन्हाळे पाणी घातले तर ते जगते, नाही तर कुंपणाच्या आत फक्त आळे राहते. "रोप लावायला एक दिवस लागतो सर, जगवायला दोन वर्षं. तुमच्या एस्टिमेटमध्ये ती दोन वर्षं दिसत नाहीत."

वर्ग गप्प झाला. मग आम्ही हिशेब मांडला. माळ्याला महिन्याला पंधरा हजार धरले तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. मोठ्या बागेसाठी दोन माळी आणि एक रखवालदार, शिवाय पंप, वीज, दुरुस्ती. वर्षाला साधारण साडेआठ लाख. पाच छोट्या बागांत मिळून तीन माळी आणि पाणी. वर्षाला सात लाख. एकूण साडेपंधरा लाख. दहा वर्षांचे एक कोटी पंचावन्न लाख. म्हणजे बाग उभारण्यापेक्षा बाग जगवण्याचा खर्च दीडपट.

आणि तो कुठल्या पिशवीतून? योजनांचे अनुदान असते ते बहुतेक बांधकामासाठी. दर महिन्याचा पगार त्यात बसत नाही. तो शेवटी पहिल्या पिशवीतून, म्हणजे घरफाळ्यातूनच द्यावा लागतो. एका मुलाने लगेच हरकत घेतली. त्याच्या घरची दोन घरे भाड्याने दिलेली आहेत. "म्हणजे अनुदान सरकारचं आणि भुर्दंड आमच्या घरफाळ्यावर?" हरकत स्वार्थाची होती, पण चुकीची नव्हती. अनुदान म्हणजे फुकटचा पैसा, हा वर्गाचा समज त्या मुलाने एका वाक्यात मोडला.

मला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या सुरुवातीला मी एका लहान गावी होतो. नाव सांगत नाही. तिथे एका बागेच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. कारंजे उडाले, टाळ्या पडल्या, पेढे वाटले. दुसऱ्या उन्हाळ्यात पंप बंद पडला. तिसऱ्या वर्षी त्या हौदात कागदाचे कपटे आणि फुटक्या बाटल्या होत्या. लोक म्हणत, "आपल्या माणसांना चांगल्या वस्तूची किंमत नाही." मीही तेव्हा मान डोलावली. आज वाटते, लोकांची सवय हे एक कारण असेलही. पण त्या पंपाच्या दुरुस्तीला अंदाजपत्रकात ओळ होती का, हे आमच्यापैकी कुणीच विचारले नव्हते.

वर्गात फेरमतदान झाले. जुन्या वस्तीला सत्तर लाख, पाचांऐवजी तीन छोट्या बागांना चोवीस लाख, उरलेले सहा लाख त्या तीन बागांच्या पाण्याच्या सोयीला. आणि दोन माळ्यांचा पगार स्वतःच्या उत्पन्नातून, त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ. ठराव तेवीस विरुद्ध पंधरा मतांनी संमत झाला. भाडेकरूंच्या मालकाने विरोधात मत दिले आणि तशी नोंद करायला लावली. मला ते आवडले.

मोकळी जागा राखणे

आता त्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याकडे वळतो. त्याच्या गल्लीतल्या जागेसाठी बागेच्या खर्चाआधी दुसराच प्रश्न विचारायला हवा: ती जागा कागदावर बागेसाठी राखलेली आहे का?

या बाबतीत बेंगळूरचा एक खटला प्रत्येक नागरिकाने माहीत करून घ्यावा असा आहे. तिथल्या राजमहाल विलास विस्तारात सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली एक जागा मुख्यमंत्र्यांच्या सूचनेवरून खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालय हीदेखील लोकांच्या सोयीचीच गोष्ट, या विचाराने आधी एका न्यायाधीशांनी त्यांचा अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो मान्य केला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचाच निर्णय कायम केला. उद्यानाची जागा रहिवाशांच्या हितासाठी राखलेली असते, ती खासगी संस्थेला देण्याची मोकळीक अधिकाऱ्यांना नाही, वरून आलेल्या आदेशाने ती मिळत नाही, आणि अशा निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे, असा त्या निकालाचा आशय.

कर्नाटकात उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा राखण्यासाठी १९८५ चा स्वतंत्र कायदाही आहे. अशा जागांची यादी तयार करणे हा त्याचा पाया. यादीत नाव असले की त्या जागेचा दुसरा उपयोग करणे अवघड होते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. आपल्या प्रभागात ती किती, हे मोजायला मीटरपट्टी आणि दोन रविवार पुरेत.

लोकांनी या निर्णयांत भाग घ्यावा, याचे प्रयोग झालेले आहेत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून सोळा विभागांत नागरिकांच्या सभा भरू लागल्या. लोकसंख्या किती, सोयींचा तुटवडा किती आणि रहिवाशांचा अग्रक्रम कोणता, हे पाहून गुण द्यायचे आणि त्याप्रमाणे पैसा वाटायचा, अशी ती पद्धत होती. पुढे सत्ता बदलली तशी तिची धार कमी झाली, पण जगभरच्या शहरांनी तिचे अनुकरण केले. आपल्या शेजारी पुण्यात २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची प्रथा सुरू झाली. कर्नाटकात २०११ च्या दुरुस्तीने महानगरपालिकांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. नगरसेवक अध्यक्ष आणि दहा सभासद. त्यांत निदान तीन महिला आणि रहिवासी संघटनांचे निदान दोन प्रतिनिधी. कायद्यात खुर्च्या मांडलेल्या आहेत. त्यांवर कोण बसतो, हे प्रभागातल्या लोकांनी विचारत राहिले पाहिजे.

त्या विद्यार्थ्याला मी तीन कामे सांगितली. लेआउटच्या नकाशात ती जागा कशासाठी दाखवली आहे, ते पाहा. नकाशा मिळाला नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज कर. आणि अंदाजपत्रकात बागांच्या देखभालीपुढे कोणता आकडा आहे, तो वहीत लिहून आण.

तिसऱ्या कामावर तो अडला. "सर, अंदाजपत्रक कन्नडमध्ये असतं."

मग मी त्याला स्टाफरूममध्ये नेले. आमच्या कन्नड विभागाचे प्राध्यापक माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात. आम्ही तिघांनी मधल्या सुट्टीत पानांवर पाने उलटली. ते वाचत गेले, तो लिहीत गेला. 'निर्वहणे' म्हणजे देखभाल, हा शब्द त्याने आधी शिकून घेतला. भाषेच्या प्रश्नावर आपल्या भागात पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोलण्यासारखे आहेच. पण सुकलेल्या रोपाला मराठी पाणी की कन्नड पाणी असा प्रश्न पडत नाही, हे त्या मधल्या सुट्टीत तिघांनाही पटले.

महानगरपालिकांची अंदाजपत्रके वर्षाअखेरीस, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सभेपुढे येतात. येत्या वर्षी त्याआधी दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी मिळून ती वाचावीत, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी स्टाफरूममध्ये नाव द्यावे. येताना वही आणावी. देखभालीची ओळ शोधण्याचे काम मी त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे सोपवले आहे.